सिम्युलेटरवर कुणी मरत नाही, मग त्याचे निकाल खरे कसे मानायचे?

मुंबईतल्या एका कॉलेजात ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यासमोर बसून खोटी गाडी चालवायच्या यंत्रावर, चालकांच्या वागण्याचा अभ्यास करून प्रबंध लिहायचं तिच्या मनात आहे. तिचे बाबा तीस वर्षं काळी-पिवळी टॅक्सी चालवतात. ते म्हणाले, "खुर्चीत बसून गाडी चालवणाऱ्याला मरायची भीतीच नाही. त्याचं वागणं काय खरं मानायचं?" या आक्षेपाला उत्तर काय, मुंबईच्या वाहतुकीसाठी या यंत्राचा खरंच उपयोग आहे का, आणि हातात पैसे थोडे असतील तर सुरुवात कुठून करायची, असं तिनं विचारलं आहे.

तुमच्या बाबांचा आक्षेप अगदी योग्य आहे. या कामात मला अठरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मी अजूनही प्रत्येक नव्या अभ्यासाच्या आधी स्वतःला विचारतो. त्याचं उत्तर यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. तुम्ही चालकाची चूक शोधताय की त्याची निवड, यावर ठरतं.

गाडी चालवताना काही गोष्टी माणूस ठरवून करतो. पिवळा दिवा दिसल्यावर दामटायचं की थांबायचं, समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं की मागे राहायचं, ८० च्या रस्त्यावर ११० ने जायचं की नाही. यात जिवाच्या आणि दंडाच्या भीतीचा मोठा हात असतो. ती भीती काढून घेतली की माणूस वेगळं वागतो. कधी बेफिकीर होतो, तर कधी 'आपल्याकडे कुणीतरी बघतंय' म्हणून उलट जास्तच शहाण्यासारखा वागतो. खऱ्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगला कधी न थांबणारी माणसं माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक पादचाऱ्यासाठी अदबीनं थांबलेली मी पाहिली आहेत.

पण गाडी चालवण्याचा बराच मोठा भाग ठरवून होतच नाही. आरशाकडे जाणारी नजर, ब्रेकवर पडणारं पाऊल, स्टिअरिंगची बारीक बारीक दुरुस्ती, डावीकडून घुसणाऱ्या मोटारसायकलचा अंदाज हे सगळं हातापायांत मुरलेलं असतं. तुमच्या बाबांना सिम्युलेटरवर बसवलंत तर तीस वर्षांची ती सवय ते बाहेर ठेवून येऊ शकणार नाहीत. लक्ष, नजर, थकवा, झोप, प्रतिसादाला लागणारा वेळ असे विषय असतील तेव्हा मी सिम्युलेटरवर पुष्कळ विश्वास ठेवतो. धाडस आणि नियम मोडणं हे विषय असतील तर हात राखून.

याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण बर्लिनचं आहे. १९९२ साली मर्सिडीज-बेंझच्या तिथल्या सिम्युलेटरवर सामान्य चालकांपुढे अचानक संकटं उभी केली गेली. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ब्रेकवर पुरेसा जोर दिलाच नाही. त्यांचा पाय ब्रेकवर झटकन पडत होता, पण तो पुरता दाबला जात नव्हता. आपण मरणार नाही हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पायाची ही खोड लपली नाही. पॅडल किती वेगानं दाबलं गेलं यावरून धोका ओळखून उरलेला जोर गाडीनंच द्यायचा, ही ब्रेक असिस्टची कल्पना त्यातून पुढे आली आणि १९९६ मध्ये ती विक्रीच्या गाड्यांत बसली. खऱ्या रस्त्यावर इतक्या लोकांपुढे असं संकट कोण उभं करणार? आणि केलंच, तर त्याला प्रयोग कोण म्हणणार?

आता आपल्या घरचं उदाहरण. पवईच्या आयआयटी मुंबईत मोबाइल आणि ड्रायव्हिंग यावर सिम्युलेटरचा चांगला अभ्यास झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात वेगवेगळ्या वयांच्या १०० परवानाधारक चालकांना बसवलं होतं. गाडी चालवताना ते फोनवर साधं बोलत, विचार करायला लावणारं बोलत, छोटा मेसेज लिहीत, अवघड मेसेज लिहीत. आणि मध्येच एक पादचारी रस्त्यात येई. फोन नसतानाच्या तुलनेत प्रतिसादाचा वेळ साध्या बोलण्यानं ४० टक्के, गुंतागुंतीच्या बोलण्यानं ९५, साध्या मेसेजनं १३७ आणि अवघड मेसेजनं २०४ टक्क्यांनी वाढला. या चार आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तोंडानं होणारं अवघड बोलणं साध्या बोलण्याच्या दुपटीहून महाग पडतं, म्हणजे दोष एकट्या हाताचा किंवा नजरेचा नाही, डोकं दुसरीकडे गेलेलं असतं. कानात ब्लूटूथ घालून व्यवहाराच्या वाटाघाटी करत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. ताशी ६० च्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकते. अर्धा सेकंद उशीर झाला की दोन मोटारींच्या लांबीइतका रस्ता संपलेला असतो.

पण या चार आकड्यांवरून 'कुर्ला किंवा दादरच्या रस्त्यावर प्रतिसादाचा वेळ बरोबर २०४ टक्क्यांनीच वाढतो' असं लिहू नका. सिम्युलेटरचा खरेपणा दोन तऱ्हांनी तपासतात, आणि ही विभागणी १९८०च्या दशकापासून रूढ आहे. पहिली तपासणी अशी की यंत्रावर मिळालेला आकडा रस्त्यावरच्या आकड्याशी जुळतो का. हे क्वचितच होतं. पडद्यावर वेग कमी भासतो, म्हणून लोक बहुधा जोरात चालवतात, आणि ब्रेकचा अंदाजही चुकतो. दुसरी तपासणी अशी की दोन परिस्थितींतला फरक यंत्रावर आणि रस्त्यावर एकाच दिशेचा, साधारण सारख्या आकाराचा दिसतो का. चांगल्या सिम्युलेटरवर हे बऱ्याचदा जमतं. म्हणून प्रश्न तुलनेचा ठेवा. 'या बोगद्यात लोक किती वेगानं जातील?' असं विचारू नका. 'भिंतीवर पट्टे असताना आणि नसताना वेगात फरक पडतो का?' असं विचारा.

आता मुंबई. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण आपले बहुतेक अभ्यास इथेच घसरतात.

बाजारात मिळणारी सिम्युलेटरची सॉफ्टवेअर बहुतांश युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यातल्या गाड्या लेनमध्ये चालतात, पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर ठेवतात, वळण्याआधी इंडिकेटर देतात. नकाशा आरशासारखा उलटा केला की डावीकडून चालणारी वाहतूक मिळते, पण तेवढ्यानं ती मुंबईची होत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात गिरगावातले एक टॅक्सीवाले काका बसले होते. दोन मिनिटांत त्यांनी गाडी थांबवली आणि विचारलं, "साहेब, हॉर्न कुठाय?" स्टिअरिंगवरचं बटण होतं, पण आम्ही ते कशालाच जोडलं नव्हतं. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हॉर्नला अर्थच नव्हता. आपल्याकडे तो बोलण्याचा भाग आहे. 'मी आलोय, सरकू नको' हे त्याच्याशिवाय सांगायचं कसं? ज्यांची निम्मी भाषाच आम्ही काढून घेतली होती, त्यांच्या चालवण्याचा अभ्यास आम्ही करत होतो. त्या आठवड्याचा सगळा डेटा मी बाजूला ठेवला.

हॉर्न नुसता वाजून भागत नाही, पडद्यावरच्या रिक्षानं तो ऐकून थोडं डावीकडे सरकावं लागतं. रिक्षा अर्ध्या लेनमध्ये घुसली पाहिजे. सिग्नलला मोटारसायकली गाड्यांच्या फटीतून पुढे येऊन थांबरेषेपुढे जमल्या पाहिजेत. बसच्या आडून माणूस निघाला पाहिजे, आणि त्यानं हात दाखवत, गाडी थांबेल या भरवशावर एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडला पाहिजे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसता कामा नये, पण पुढचा स्कूटरवाला तिथून झटकन वळसा घालून गेलेला दिसला पाहिजे. मुंबईचा मुरलेला चालक खड्डा पाहत नाही, पुढच्याचा वळसा पाहतो. हे तुमच्या पडद्यावर नसेल, तर त्याच्या नजरेचं मोजमाप कितीही महागड्या कॅमेऱ्यानं करा, हाती काही येणार नाही.

हे उभं करायचं तर आधी रस्ता मोजावा लागतो. पोलिसांची परवानगी काढून एखाद्या स्कायवॉकवरून तासभर व्हिडिओ घ्या. गाड्यांमधलं आडवं अंतर किती, रिक्षा दोन मोटारींमध्ये केवढी फट मिळाली की घुसते, पादचारी किती अंतरावरच्या गाडीपुढे पाऊल टाकतो, हे त्यातून मोजा आणि तेच आकडे पडद्यावरच्या गाड्यांना द्या. जर्मनीत तयार झालेल्या सुमो या मोफत वाहतूक-सॉफ्टवेअरमध्ये लेनच्या आतही आडवं सरकणारी वाहतूक दाखवायची सोय आहे. आपल्या कामासाठी ती फार मोलाची आहे. आमच्याकडे एका अभ्यासाचा निम्म्याहून जास्त वेळ या मोजणीत जातो, आणि माझ्या मते तो तसाच जायला हवा.

मापनाचंही तेच. गाडी लेनच्या मध्यापासून किती डोलते हे जगभर लक्ष आणि झोप मोजायचं आवडतं माप आहे. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना हे डोलणं साधारण २.४ सेंटिमीटरनं वाढतं, म्हणून औषधांच्या चाचण्यांतही तोच उंबरा धरतात. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची, म्हणजे याहून कडक आहे. पण एलबीएस मार्गावर गर्दीच्या वेळी लेनचा मध्य कुणाच्याच मनात नसतो. तिथे गाडी डोलली तर ती झोप समजायची की वाट काढणं? त्यामुळे हे माप मी मोकळ्या, आखीव रस्त्यांसाठीच ठेवतो. शहरात मी धडकेला उरलेला वेळ, ब्रेकचा झटका आणि नजर कुठे किती वेळ थांबली हे पाहतो.

एक अवघड गोष्टही मोकळेपणानं सांगतो. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती आणि जवळजवळ एक पंचमांश पायी चालणारी. आपल्या प्रयोगशाळांत मात्र खुर्च्या आहेत त्या मोटारीच्या. दुचाकीचा सिम्युलेटर अवघड असतो, कारण दुचाकी झुकून वळते आणि तो तोल यंत्रावर खरा वाटत नाही. ते कारण मला मान्य आहे, पण त्यामुळे आपण सगळे मोटारचालकच अभ्यासत राहिलो, ही खंत मला आहे. तुम्हाला मोटारीचाच सिम्युलेटर मिळणार असेल, तर निदान प्रसंग असे रचा की चालकापुढे येणारा दुचाकीवाला आणि पादचारी हेच अभ्यासाच्या केंद्रस्थानी राहतील. पवईच्या अभ्यासातला तो पादचारी म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

यंत्राबद्दल थोडक्यात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एक घुमट आहे, त्यात आख्खी गाडी ठेवतात आणि तो घुमट मोठ्या हॉलभर सरकतो. तसं काही आपल्याला नको. हलणारे सिम्युलेटर गाडी वेग घेते आहे असा भास देण्यासाठी केबिन हळूच मागे कलवतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणच पाठीला सीटवर दाबतं. हे कानातल्या तोलाच्या इंद्रियाला न कळेल इतक्या सावकाश करावं लागतं, नाहीतर चालकाला फसवणूक जाणवते. लक्ष आणि प्रतिसादाच्या अभ्यासाला स्थिर खुर्ची पुरते. पडदा रुंद हवा आणि स्टिअरिंग फिरवल्यावर चित्र क्षणात फिरायला हवं. चित्र उशिरा फिरलं की पोटात ढवळतं.

मळमळीला हलकं घेऊ नका. चौकातल्या काटकोनी वळणांवर ती सर्वांत जास्त होते. सरळ रस्त्यानं सुरुवात करा, वळणं कमी ठेवा, खोली थंड ठेवा, भरल्या पोटी कुणाला बसवू नका. १९९३ पासून वापरात असलेली सोळा लक्षणांची एक प्रश्नावली आहे, ती आधी आणि नंतर भरून घ्या. कुणी "मी ठीक आहे" म्हणाला तरी तासभर त्याला स्कूटरवर बसून घरी जाऊ देऊ नका. मध्येच सोडून जाणारे बहुधा वयस्क असतात. ते गळाले की उरलेल्या तरुणांवरून तुम्ही सगळ्या मुंबईबद्दल बोलू लागता. किती जण गळाले आणि कोण, हे प्रबंधात लिहाच.

दिशाफलकांवर अभ्यास करायचा मोह झाला तर एक हिशोब आधी करा. निरोगी डोळा एका अंशात साठ ठिपके वेगळे ओळखतो. १९२० ठिपक्यांचा पडदा तुमच्या नजरेचे साठ अंश व्यापत असेल, तर एका अंशाला ३२ ठिपकेच मिळतात. म्हणजे खऱ्या रस्त्यावर जो फलक शंभर मीटरवरून वाचता येतो, तो पडद्यावर पन्नास-पंचावन्न मीटरवर वाचता येईल. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, उकार वर-खाली जागा खातात, त्यामुळे आपली अक्षरं आधी पुसट होतात. हे न पाहता 'मराठी फलक उशिरा वाचले जातात' असा निष्कर्ष काढणं हा भाषेवर अन्याय होईल. दोष पडद्याचा असतो.

माणसं कुठून आणायची? हॉस्टेलमधली मुलं सहज मिळतात, म्हणून अर्ध्या जगाचं सिम्युलेटर संशोधन बाविशीतल्या मुलांवर उभं आहे. तुम्ही टॅक्सी स्टँडवर जा, कळंबोलीला ट्रक टर्मिनलवर जा. रोजगार बुडतो म्हणून त्यांना त्या वेळेचे पैसे द्या, आणि ते मानधन त्यांनी किती वेळ चालवलं यावर न ठेवता यायचं ठरलं तेव्हाच द्या. मधूनच उठून जायची मुभा त्यांना खरोखर वाटली पाहिजे. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. झोपेचा किंवा दारूचा अभ्यास असेल तर घरी पोचवायची गाडी तुमची. बोरघाटात पहाटे डुलक्या येणाऱ्या ट्रकचालकांचा अभ्यास खऱ्या घाटात करता येत नाही, तो यंत्रावरच करावा लागतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की अंधाऱ्या खोलीत, थंड हवेत, धोक्याशिवाय झोप रस्त्यापेक्षा लवकर येते. म्हणून 'किती मिनिटांनी झोप आली' हा आकडा घाटाला लावू नका.

आणखी एक, जे मी फार उशिरा शिकलो. बसच्या आडून माणूस एकदा निघाला की पुढच्या प्रत्येक बसजवळ चालक पाय ब्रेकवर ठेवूनच जातो. खरं आश्चर्य एका माणसाकडून एकदाच मिळतं. तेव्हा मुख्य प्रसंग एकच ठेवा, आधी काहीही न होणाऱ्या सात-आठ बसगाड्या जाऊ द्या, आणि फोनसह-फोनशिवाय यांचा क्रम माणसागणिक बदला.

प्रशिक्षणाचे सिम्युलेटर आणि अभ्यासाचे सिम्युलेटर यांत गल्लत होते, तीही टाळा. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसनं झालेल्या भीषण अपघातानंतर क्लच नसलेल्या बसवर चालकांना किती दिवस शिकवायला हवं यावर बरीच चर्चा झाली. नव्या गाडीवर हात बसवायला यंत्र नक्की उपयोगी आहे. पण संकटात जुन्या सवयीनं पाय कुठे जातो, ते किती दिवसांच्या सरावानं बदलतं, हा वेगळा, मोजून शोधायचा प्रश्न आहे. कुणी त्यावर प्रबंध केला तर मला फार आनंद होईल.

तुमच्यासाठी मात्र मी अटल सेतू सुचवतो. २१.८ किलोमीटरचा सेतू, मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, दोन्हीकडे पाणी, नजरेला धरायला काही नाही. चढ-उताराच्या रॅम्पवर मर्यादा ४० ची आहे. बराच वेळ १०० नं चालवलं की ६० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं, हा डोळ्यांचा गुण आहे, धाडसाचा नाही. म्हणून तो सिम्युलेटरवर प्रामाणिकपणे तपासता येतो. शिवडीकडे उतरण्याआधी रस्त्यावर जवळजवळ येत जाणारे आडवे पट्टे रंगवले तर लोक लवकर वेग कमी करतात का? पट्टे किती आधी सुरू करावेत? नॉर्वेतल्या साडेचोवीस किलोमीटरच्या लेर्डाल बोगद्यात चालकांचा कंटाळा मोडावा म्हणून निळ्या प्रकाशाच्या तीन गुहा कोरल्या आहेत, आणि तो बोगदा २००० साली खुला होण्याआधी चालकांना त्यात कसं वाटेल हे सिम्युलेटरवर पाहिलं गेलं होतं. आपला ठाणे-बोरिवली बोगदाही दहा किलोमीटरहून लांब असणार आहे. असे प्रश्न मुंबईत आणखी येणार आहेत.

यासाठी मोठं बजेट लागत नाही. चांगला ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, तीन मोठे मॉनिटर, गेमिंगचं स्टिअरिंग आणि पॅडल, जुन्या गाडीची सीट आणि कार्ला हे मोफत सॉफ्टवेअर. ते स्वयंचलित गाड्यांसाठी बनलं आहे, पण माणसाला चालवायला देता येतं. डोक्यावर चढवायचा व्हीआर हेडसेट स्वस्त पडतो, तरी मळमळ वाढवतो म्हणून मी तो टाळीन. गेमिंगच्या ब्रेक पॅडलचा जोर खऱ्या ब्रेकपेक्षा फार हलका असतो, तेव्हा घट्ट स्प्रिंग बसवून घ्या.

हे जुळलं की पहिल्यांदा बाबांना बसवा. डेटा नोंदवू नका. दहा मिनिटं त्यांना मोकळं चालवू द्या आणि शेजारी वही घेऊन बसा. कुठल्या वळणावर त्यांनी मान वळवली आणि तिथे पडदाच नव्हता, कुठे हात हॉर्नकडे गेला, कुठली रिक्षा पाहून ते "असं कुणी चालवत नाही" म्हणाले, सगळं लिहून घ्या. मग सॉफ्टवेअर दुरुस्त करा आणि त्यांना पुन्हा बसवा. ते काही न बोलता पूर्ण दहा मिनिटं चालवू लागले की दुसऱ्या माणसाला बोलवा.